दवंडी आणि उदो

सार्वजनिक व्यवहारात माणसाचा आवाज दोन रीतींनी उठतो. कोणी एक जण अधिकाराने बोलतो आणि बाकीचे सारे ऐकून घेतात, ही एक रीत. आणि सारेच एकदम बोलतात, बोलणारा कोण व ऐकणारा कोण हा भेदच ज्या बोलण्यात उरत नाही, ती दुसरी. पहिल्या रीतीतून दवंडी, मुनादी, फर्मान, जाहीरनामा आणि हल्लीची अधिसूचना निघाली. दुसरीतून उदो, जयजयकार आणि ललकारी. धाराशिव जिल्ह्याच्या वाट्याला या दोन्ही रीती भरपूर आल्या आहेत. कारण निजामी अंमलाच्या दप्तरशाहीने या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकण्याची सवय लावली, आणि बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या तुळजापूरने त्याच मुलखाला तितकाच काळ, किंबहुना त्याहून अधिक काळ, एकमुखाने बोलायला शिकविले. या दोहोंत श्रेष्ठ कोण, असा वाद दोन स्नेह्यांत पडला. त्यांपैकी भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यांचे आजोबा निजामी तहसिलीत पेशकार. गुरुजींचे घराणे गोंधळ्यांचे, संबळ वडिलांपर्यंत चालत आला आणि गुरुजींनी तो खुंटीला अडकवून जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू हाती घेतला. वादाचा मजकूर पुढे देत आहे.

भाऊसाहेब : गुरुजी, नवरात्रात महाद्वाराच्या पायऱ्यांवरून उठणारा ‘आई राजा उदो उदो’ माझ्याही अंगावर रोमांच उभे करतो, हे आधीच कबूल करून टाकतो. परंतु चाळीस वर्षे कागदांत घालविलेल्या माणसाला त्यात एक न्यून दिसल्याखेरीज राहत नाही. त्या आवाजाखाली कोणाची सही नसते. आमच्या कचेरीत बिनसहीचा कागद आला म्हणजे त्यास निनावी अर्ज म्हणत आणि तो दप्तरी दाखल करून मोकळे होत. दवंडीचे तसे नाही. हलगीवाला वेशीशी पाचटाचा लहानसा जाळ करी, त्यावर हलगी शेकी, कातडे ताणून आवाज टणक झाला की वेस, चावडी, पार अशा क्रमाने गाव फिरे, आणि प्रत्येक ठिकाणी हलगी थांबवून चारच गोष्टी सांगे : हुकूम कोणाचा, कशाबद्दल, मुदत केव्हापर्यंत आणि तक्रार असल्यास ती घेऊन कोठे जावे. राज्यकारभाराची सारी सभ्यता या चार गोष्टींत सामावली आहे, असे माझे मत आहे.

गुरुजी : चार गोष्टी तुम्ही सांगितल्यात, पाचवी मी सांगतो. ती हलगी कोणाच्या हातात होती? ज्याच्या तोंडून सरकारचा हुकूम साऱ्या गावाने ऐकला, त्याला त्याच गावाच्या चावडीवर चढता येत नव्हते. हुकूम त्याचा नव्हता, मुदत त्याने ठरविली नव्हती, आणि स्वतःची तक्रार असलीच तर तिच्यासाठी हलगी वाजविण्याची त्याला मुभा नव्हती. १९४१ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्यास महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्यासाठी तेथवर आले, ते काही उगाच नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची दवंडी पिटणारी माणसे तेथे आपल्या स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी एकत्र आली होती. पुढे त्याच माणसांनी एका जयघोषाला रोजच्या रामरामाची जागा दिली. ‘जय भीम’ म्हणण्याचा हुकूम कोणत्या जरीद्यात, म्हणजे निजामी राजपत्रात, छापून आला होता, हे तुमच्या दप्तरात शोधून मला दाखवा.

भाऊसाहेब : आपण बोट ठेवलेत ते जातीच्या पापावर, दवंडीवर तो दोष लादणे न्यायाचे नाही. हलगी कोणी वाजवावी हे गावाने ठरविले, ती का वाजवावी हे कायद्याने ठरविले, आणि त्या ‘का’मध्ये मोठे शहाणपण आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एकविसाव्या आदेशाचा चोपन्नावा नियम पाहा. जप्तीचा हुकूम त्या मिळकतीच्या जागी किंवा तिच्या शेजारी हलगी वाजवून अगर तेथील रिवाजाप्रमाणे पुकारावा, आणि त्याची नक्कल मिळकतीवर व न्यायालयाच्या इमारतीवर ठळक जागी डकवावी, असे तो सांगतो. आजोबांच्या काळी १३१७ फसलीचा हैदराबादचा जमीन महसूल कायदा होता, माझ्या नोकरीत १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. अंमल बदलला, सन बदलला, लिपीदेखील बदलली, पण कोणाची जमीन त्याला पत्ता न लागता जाऊ नये, हा दंडक बदलला नाही. साध्या फेरफाराचे उदाहरण घ्या. तलाठी नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस बजावतो, हरकत आली तर ती तक्रारी केसेसच्या नोंदवहीत चढवितो, आणि हे सर्व झाल्यावरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एखादी विधवा, जिचे नाव भाऊबंदांनी वारसांतून गुपचूप वगळले आहे, ती त्या नोटिशीच्या बळावर उभी राहते. तुमच्या उदोच्या बळावर ती उभी राहील काय?

गुरुजी : त्या विधवेपुरती मी माघार घेतो. पण नोटिशीची माया जमिनीच्या तुकड्यापुरती आहे. साऱ्या मुलखाचा फेरफार करायची वेळ आली, तेव्हा तुमच्या सरकारांनी कोणाला नमुना नऊ बजावला, ते सांगा. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला हा धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला; मेडोज टेलर नळदुर्गास अंमलदार होऊन बसला. १८५८ च्या १ नोव्हेंबरास अलाहाबादेस राणीचा जाहीरनामा वाचला गेला आणि आपण कंपनीचे होतो ते राणीचे झालो. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, नव्या तहाने राणीने आपल्याला पुन्हा निजामास परत केले. सात वर्षांत तीन धनी झाले. प्रत्येक वेळी कागद झाला, शिक्का झाला, दवंडीही झाली असेल. ज्या रयतेचा हा फेरफार चालला होता तिला मात्र हरकतीची मुदत कोणी दिली नाही. त्या सर्व काळात तुळजापूरच्या पायऱ्यांवर उदो तोच होता. कंपनीचा मुलूख म्हणून तो बदलला नाही की निजामाच्या सरकारे-आलींचा मुलूख म्हणून बदलला नाही. रयतेने आपल्या राजाचे नाव आपणच ठरवून ठेवले होते, आणि त्या राजाला ती आई म्हणत होती.

भाऊसाहेब : फार सुंदर बोललात, आणि म्हणूनच सावध व्हावेसे वाटते. निजामाने १९४७ च्या जूनमध्ये फर्मान काढले, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र होणार. ते फर्मान रयतेने मानले नाही, हे खरे. पण त्या काळात जयघोष काय एकाच बाजूला होते? रझाकारांच्या सभांतही हजारो कंठ एक होत असत. आवाजाच्या आकारावरून न्याय करायचा तर मोठ्या आवाजाचा तो खरा ठरेल. निकाल लागला तो निराळ्याच रीतीने. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या फौजेने नळदुर्गास बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि १७ तारखेला निजामाला युद्धबंदी जाहीर करावी लागली. मराठवाडा मुक्तीचा दिवस म्हणून आपण झेंडा फडकवितो तो १७ तारखेलाच. म्हणजे उत्सवाचा दिवस ठरविताना लोकांनीही जाहीर झालेली तारीखच धरली. आणि जयघोषाची दुसरी बाजू पाहायची असेल तर दूर जर्मनीत पाहा. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिनच्या सभागृहात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने श्रोत्यांना विचारले, की तुम्हांला सर्वंकष युद्ध हवे काय. आणि सभागृह हो हो म्हणून गर्जले. त्या होकाराची किंमत मोजताना मात्र प्रत्येक जण एकटा होता.

गुरुजी : बर्लिनचा दाखला माझ्याच पक्षाचा आहे, भाऊसाहेब. तेथे श्रोते निवडून आणून बसविलेले होते आणि प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर ठरलेले होते. ती दवंडीच होती. फक्त लोकांच्या तोंडून वदवून घेतलेली. अशा दवंड्या आपल्याकडेही उदंड आहेत. एखाद्या योजनेचा फलक चौकात लागतो, त्यावर पुढाऱ्याची मुद्रा, खाली ‘समस्त ग्रामस्थ’ म्हणून अभिनंदन; त्या समस्तांपैकी एकालाही कोणी विचारलेले नसते. उदो असा भाड्याने घेतला, की तो उदो राहत नाही. आता तुमच्या घरचे एक पाप दाखवितो. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून राजपत्रात जाहीर केली, की तिच्यातले तान्हे मूलही जन्मतः संशयित. हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचा नाही. शेजारच्या सोलापुरात अशा माणसांची सेटलमेंट होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला, ती माणसे विमुक्त म्हणविली गेली. पण पारध्याच्या पालावर पोलीस अजूनही प्रथम जातात, ते त्या जुन्या अधिसूचनेच्याच आठवणीने. त्या अधिसूचनेखाली सही होती, तारीख होती, हुद्दा होता. तुमच्या चारांपैकी तीन गोष्टी जागच्या जागी होत्या.

भाऊसाहेब : आणि चौथी नव्हती. त्या कायद्यात एक कलम असे होते, की अशी अधिसूचना बरोबर की चूक, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने विचारू नये. आपण दाखला दिलात तो दवंडीच्या विरुद्ध म्हणून; मला त्यातून दिसते ते असे, की दवंडीतून हरकत काढून घेतली म्हणजे उरते ती नुसती हलगी. ही चौथी गोष्ट दवंडीचा प्राण आहे, हे मी आजवर इतक्या स्पष्टपणे म्हटले नव्हते. आपण ते माझ्याकडून म्हणवून घेतलेत.

गुरुजी : मग आणखी थोडे म्हणवून घेतो. दुष्काळाचे काय? २०२३ चा ऑगस्ट देशात शंभरावर वर्षांत पडला नव्हता इतका कोरडा गेला. आपल्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात असताना माना टाकू लागले, तेव्हाच शेतकऱ्याने दुष्काळ ओळखला. सरकारने धाराशिव, वाशी आणि लोहारा हे तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले ते ऑक्टोबर संपता संपता. मधल्या काळात जो पडला होता, त्याला काय म्हणायचे?

भाऊसाहेब : त्याला दुष्काळच म्हणायचे, परंतु जाहीर होण्यापूर्वीचा दुष्काळ शेतकऱ्याचा एकट्याचा असतो, जाहीर झाल्यावर तो सरकारचाही होतो. त्या एका आदेशाने जमीन महसुलात सूट मिळते, पीक कर्जाचे पुनर्गठन होते, वसुली थांबते, कृषिपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सवलत लागू होते, मुलांची परीक्षा फी माफ होते, टंचाईच्या गावी टँकर येतो आणि थकबाकीसाठी पंपाची वीज तोडता येत नाही. ‘दुष्काळ पडला हो’ म्हणून साऱ्या गावाने वेशीत हंबरडा फोडला तरी वीजबिलातला एक पैसा कमी होत नाही. उशीर झाला हा दोष आहेच, आणि आणेवारी काढताना बांधावर कोण गेले व कोण चावडीत बसून आकडा लिहून मोकळे झाले, हेही मी पाहिले आहे. पण त्या दोषावरचा उपाय अधिक काटेकोर दवंडी हाच आहे. ज्याने जाहीर केले त्याला जाब विचारता येतो. ज्याने जयजयकार केला त्याला कोण विचारणार?

गुरुजी : या प्रश्नाने आपण दोघे अपरिहार्यपणे जिल्ह्याच्या नावाशी येऊन ठेपतो, आणि ते टाळण्यात शहाणपणा असला तरी प्रामाणिकपणा नाही.

भाऊसाहेब : टाळायचे कारण काय? सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानांच्या, नावावरून उस्मानाबाद झाले, तेव्हा रयतेला हरकत विचारली गेल्याचे माझ्या वाचनात नाही. उलट २०२३ मध्ये त्याचे पुन्हा धाराशिव होताना काय झाले ते पाहा. फेब्रुवारीत केंद्र सरकारची ना-हरकत आली, महसुली नावांसाठी मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागविल्या गेल्या, सप्टेंबरात अंतिम अधिसूचना निघाली, विरोधकांनी उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २०२४ च्या मे महिन्यात त्या याचिका फेटाळल्या गेल्या. निर्णय कोणास रुचो वा न रुचो; ज्यास रुचला नाही त्याचे म्हणणे सरकारी कागदावर राहिले आहे. शंभर वर्षांनी कोणी संशोधक दप्तर उघडील, तेव्हा त्याला ते सापडेल.

गुरुजी : कागदावर राहिले, हे ठीक. पण त्या दिवशी चौकात गुलाल उधळून जो जयघोष झाला, त्याचा विचार मला अधिक करावासा वाटतो. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी धाराशिव होतेच. इंग्रजांशी १८५३ साली झालेल्या तहातही याच नावाने हा मुलूख ओळखला गेला. तेव्हा ज्यांना आनंद झाला त्यांचा आनंद खोटा नव्हता. पण त्याच चौकात दुकानाच्या फळीवर कोणी गप्प बसला असेल, ज्याच्या वडिलांच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर, बदलीच्या हुकमावर उस्मानाबाद लिहिलेले आहे आणि ज्याला निजामाबद्दल काडीचेही प्रेम नाही. त्याच्या गप्प बसण्याकडे कोणी वळून पाहिले असेल, तर त्या जयघोषात मला खोट दिसते. शेळ्यांच्या बाजारात आजही उस्मानाबादी शेळी म्हणूनच सौदा होतो आणि त्याने कोणाचे बिघडत नाही. ती सहजता माणसांच्या वाट्यालाही यावी, एवढेच माझे मागणे.

भाऊसाहेब : गुरुजी, आता आपण आपल्याच पक्षाविरुद्ध बोलू लागलात.

गुरुजी : मुळीच नाही, मी खरा उदो ओळखण्याची खूण सांगतो आहे. दसऱ्याच्या पहाटेचे शिलंगण आठवा. बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत देवी बसते, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते, कुंकवाने हवा लाल होते, आणि त्यानंतर देवी पौर्णिमेपर्यंत पाच दिवसांच्या निद्रेला जाते. त्या गर्दीत कवड्यांची माळ घातलेली आराधीण पोत पाजळून उभी असते, तिच्या शेजारी कर्नाटकातून चालत आलेला कानडी शेतकरी असतो. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, आणि उदो मात्र दोघांचा एक असतो. माझे वडील संबळ वाजविताना एक गोष्ट न्याहाळीत. ते म्हणत, गर्दीत एखादा तरी मनुष्य ओठ मिटून हात जोडून उभा असतोच. कोणाचे सुतक नुकतेच फिटलेले असते, कोणाचा नवस फळलेला नसतो, कोणी देवीवर रुसून आलेला असतो. त्याला कोणी कोपरखळी मारून ‘म्हण की उदो’ असे म्हणत नाही. ज्या जयघोषात गप्प राहणाऱ्याला जागा आहे, तोच लोकांचा. ज्यात गप्प राहणे हा गुन्हा होतो, तो कोणाचा तरी हुकूम.

भाऊसाहेब : म्हणजे दवंडीला हरकत आणि उदोला मौन, या एकाच वस्तूच्या दोन जागा झाल्या. ज्याचे मन साऱ्यांसारखे नाही, त्याचे पुढे काय होते, यावरून दोहोंची परीक्षा. हे मला पटते. आणि पटते म्हणूनच माझा आग्रह अधिक वाढतो. कारण मौनाला आपण जागा देता ती वडिलांच्या समंजसपणावर विसंबून. मी हरकतीला जागा देतो ती नियमावर विसंबून. समंजसपणा पिढीबरोबर जातो. म्हणून शहाण्या संस्था जयघोषाला नियमाचा लगाम घालतात. आपल्या विधानसभेत आवाजी मतदान होते तो एक प्रकारचा जयघोषच की. पण अध्यक्षांनी आवाजावरून दिलेला कौल एखाद्या सदस्यास मान्य नसेल तर तो मतविभाजन मागतो, आणि मग आवाजाची डोकी मोजावी लागतात. रोमच्या धर्मपीठात पोपची निवड एकमुखी जयघोषाने करण्याची जुनी वाट होती. १९९६ मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी ती बंद केली आणि गुप्त चिठ्ठीचाच मार्ग ठेवला. ज्यांचा देवावर आपल्याइतकाच भरवसा, त्यांनाही कंठापेक्षा चिठ्ठी बरी वाटली.

गुरुजी : चिठ्ठी टाकायला माणूस घरातून बाहेर पडला पाहिजे, भाऊसाहेब, आणि त्याला बाहेर काढते ते नियमाचे पुस्तक नव्हे. ग्रामसभेची नोटीस लागते, दवंडी होते, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, हे तुम्ही आयुष्यभर पाहिलेत. तीच माणसे कोजागरीला सोलापूरहून अनवाणी चालत तुळजापुरास येतात. त्यांना कोणी नोटीस बजावलेली नसते. लोक ज्याला आपले म्हणतात त्याच्यासाठी येतात. तुमच्या दवंडीला अजून ते साधलेले नाही.

भाऊसाहेब : हा घाव मात्र वर्मी लागला. गणपूर्ती झाली तरी पुढे काय होते तेही सांगून टाकतो, म्हणजे आपला पक्ष दुबळा राहायला नको. ठराव वाचला जातो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, ग्रामसेवक सूचक आणि अनुमोदक यांची नावे घालतो आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहून पान उलटतो. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बाईने काही बोलायला तोंड उघडले होते, हे त्या पानावर कोठेही सापडत नाही. दवंडी झाली होती, जयघोष झाला होता, आणि आपण दोघांनी मिळून जी कसोटी काढली तिच्यावर दोन्ही नापास.

गुरुजी : तर मग पुढच्या ग्रामसभेत मी एक सूचना मांडतो. दवंडीहून उदो थोर आहे, हे लक्षात घेऊन ही सभा असे ठरविते, की कोणताही ठराव मंजूर म्हणण्यापूर्वी अध्यक्षांनी ‘कोणाची हरकत आहे काय’ असे विचारावे, मागच्या भिंतीपर्यंत नजर फिरवावी आणि उत्तर यायला पुरेल इतका वेळ थांबावे. सूचक मी, अनुमोदक तुम्ही.

भाऊसाहेब : अनुमोदन देतो. मात्र इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहू देऊ नका; आपल्या सूचनेच्या पहिल्या वाक्यखंडाला माझी हरकत कायम आहे, आणि ती नावानिशी नोंदली गेली पाहिजे.